आई, आधी पूर्ण वाच, मग ओरड

आई,
फोनवर सांगितलं असतं तर तू मध्येच रडायला लागली असतीस म्हणून लिहितेय. गेल्या मंगळवारी माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, दुर्बिणीतून, दुसऱ्या दिवशी घरी आले, आता जिना पण चढते. आधी सांगितलं असतं तर तू तिकडे रात्र रात्र जागली असतीस, दुसरं काय.

पण खरं सांगू, ऑपरेशनपेक्षा त्याच्या आधीचे दोन तास वाईट गं. उपाशीपोटी, मागून नाड्या बांधायचा तो गाऊन, आणि समोर मॉनिटरवर आपलेच ठोके, 112, ते बघून अजून वाढतात. नर्सने सहा प्रश्नांचा फॉर्म भरून घेतला, भुलीची भीती वाटते का, ऑपरेशनची वाटते का, प्रत्येकाला 1 ते 5 मार्क. मी सगळीकडे 5 दिले (शाळेत कधी पैकीच्या पैकी पडले नाहीत बघ). मग फिट येते का, गाडी लागते का विचारलं आणि नाही म्हटल्यावर डोळ्यांवर व्हीआर हेडसेट चढवला, म्हणजे डोळे पूर्ण झाकणारा मोठा चष्मा, आत चारी बाजूंना दुसरंच जग दिसतं. जड असतो, नाकावर रुततो.

आत एक तळं. मान वळवली की मागे पण झाडं. पाण्यावर एक उजेडाचा गोळा, तो मोठा होताना श्वास घ्यायचा, लहान होताना सोडायचा, सोडायला जास्त वेळ, त्याने ठोके मंदावतात म्हणे. मला आधी हसूच आलं, एवढं महागडं यंत्र आणि शिकवतंय काय तर श्वास घ्यायला! पण मग कधी लागले त्या लयीत कळलंच नाही. मध्येच हाताला गार लागलं, मला वाटलं पाणीच, तर नर्स सलाइनची सुई लावत होती, सांगून लावली पण मी ऐकलंच नव्हतं.

नंतर वाचलं तर हे काही नवीन नाही, अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठातल्या हॉफमन आणि पॅटरसन यांनी 1990 च्या दशकातच भाजलेल्या पेशंटची जखम साफ करताना हे वापरलं होतं, लक्ष दुसरीकडे गुंतलं की दुखणं कमी जाणवतं म्हणून.

भीती गेली असं नाही म्हणणार. थिएटरचं दार दिसलं तसं पोटात गोळा आलाच. पण ठोके 88 होते, आणि गुंगीचं औषध न घेता आत गेले.

आता तुझ्या गुडघ्याचं. तीन वर्षं ढकलतेयस. डॉक्टरांना विचार असं काही आहे का, आणि तुला गाडी लागते ते नक्की सांग, हलतं दृश्य नको, शांत एका जागचं लावा म्हणावं. नसेल तर मी येताना आणते, आधी बाबांना घालून बघू, ते बहुतेक खुर्चीतून उठून तळ्यात उतरायला जातील.

तुझी,
चिऊ