मोहोळ-पंढरपूर रोडवर थांबलेल्या त्या तिघांचे आभार

परवा दुपारी मोहोळच्या पुढं पंढरपूर रोडला आमचा ट्रॅक्टर तापून बंद पडला, नावं विचारायची राहिली म्हणून इथं लिहितोय. इंजिनचं काम करून आठवडा पण झाला नव्हता, लायनर पिस्टन हेड गॅस्केट सगळं नवीन, आणि वीस मिनिटं चाललं की काटा लालमध्ये. थर्मोस्टॅट बदलला, बेल्ट ताणला, काय फरक नाही.

मी तापल्या तापल्या रेडिएटरचं झाकण उघडायला गेलो तर उसाच्या ट्रॉलीवाल्या अण्णांनी हातच धरला, "मालक, तोंड भाजून घ्यायचंय का?" आर्धा तास बसवलं. मग टोपीवाल्या काकांनी चालू इंजिनवर रेडिएटरच्या जाळीला पेपरचं पान लावलं. पंखा हवा आत ओढतो म्हणून पान घट्ट चिकटायला पाहिजे होतं, ते आपलं घसरून खाली पडलं. काका म्हणाले पंखा उलटा बसवलाय. मला वाटलं उलटा म्हणजे हवा उलटी येणार, तर तसं नसतंय, हवा नेहमीसारखी आतच ओढली जाते पण लई कमी, पात्याचा बाक उलटा पडतो ना.

तेरा नंबरचा पाना एका पोराच्या डिकीत निघाला, पाण्याचा कॅन पण त्यानंच आणला. पंखा फिरवून लावला, झाकण उघडं ठेवून बुडबुडे थांबेपर्यंत पाणी भरलं.

काल चार तास रोटाव्हेटर मारला, काटा मधेच. काकांनी चहाचे पैसे पण देऊ दिले नाहीत. अण्णा, काका आणि त्या पोरा, लई आभार. पाना माझ्याकडंच राहिलाय, घेऊन जा.