अर्ध्या कानाने ऐकलेलं गाणं

पुणे, रविवार

प्रिय मन्या,

परवा माझ्या इअरफोनचा उजवा कान गेला आणि मशीनच्या संगीतावरचं आपलं जुनं भांडण आठवलं. अमेरिकन डिस्को गायिका डोना समरचं ‘आय फील लव्ह’ लावलं होतं, १९७७ चं. तर एरवी घोड्यासारखा दौडणारा तो बास, म्हणजे खालच्या सुरांचा ठेका, चक्क लंगडत होता! वायर पिळली, पिन फुंकली, काही नाही. मग शोधल्यावर कळलं, बासचा मूळ सूर डाव्या कानात आणि त्याचाच कणभर उशिरा येणारा प्रतिध्वनी उजव्यात. घोड्याचे दोन पाय माझ्या मेलेल्या कानात अडकलेले.

तू म्हणायचास, “यात वाजवणारा कोण? बटण दाबलं की झालं.” आता ऐक. जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलॉट या निर्मात्यांनी हे म्युनिकला केलं. त्यांचा मूग कंपनीचा सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर काढणारं वाद्य, सारखा सुरातून उतरायचा, म्हणून थोडंसं रेकॉर्ड करायचं, परत सुरात लावायचं, मग पुढचा तुकडा. तुझा तबला पावसाळ्यात करतो तीच नाटकं! आणि मशीनमधून हवा तसा दणदणीत ठोका निघेना, तेव्हा कीथ फोर्सी नावाच्या ड्रमरने तो पायाने वाजवला. संबंध गाणंभर. तुझ्याच जातकुळीतला माणूस.

कंपनीने मात्र ते एका संथ गाण्याच्या पाठीवर टाकलं होतं. लोकांनी तबकडी उलटली. इंग्लंडात ते चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. बर्लिनमध्ये संगीतकार ब्रायन ईनो ती तबकडी घेऊन धावत आला आणि भविष्याचा आवाज सापडला म्हणाला, हे तेव्हा त्याच्यासोबत काम करणाऱ्या गायक डेव्हिड बोवीनेच सांगितलंय. क्लबचं संगीत पुढची पंधरा वर्षं यानेच बदलेल, असंही ईनो म्हणाला म्हणे. पंधराच? कंजूष.

मला चटका लागला तो पुढच्या गोष्टीचा. सॅन फ्रान्सिस्कोच्या पॅट्रिक काउली या संगीतकाराने १९७८ मध्ये स्वतःच त्यात सूर भरून ते पंधरा मिनिटांच्या वर ताणलं. परवानगी कसली? डीजे लोकांत हातोहात फिरलं. इंग्लंडात रीतसर निघालं ते १९८२ मध्ये, आणि त्याच नोव्हेंबरात काउली एड्सने गेला. बत्तीस वर्षांचा होता.

इअरफोन टाकलेला नाही. दिवाळीला येशील तेव्हा आधी त्या एका कानाने ऐकवतो, मग दोन्ही कानांनी. वहिनींना नमस्कार.

तुझा,
नंदू