खरखर येते म्हणून रेकॉर्ड भंगारात देऊ नका

संपादक साहेब, नमस्कार,

परवा गल्लीत भंगारवाल्याच्या गाडीवर गाण्यांच्या पंधरा-वीस जुन्या ग्रामोफोन रेकॉर्ड दिसल्या, ज्यांनी दिल्या त्यांना विचारलं तर म्हणे नुसती खरखर येते, ठेवून काय करू. फार वाईट वाटलं म्हणून लिहितोय.

खरखर येते म्हणजे रेकॉर्ड गेली असं नसतं हो. पुष्कळदा खाचेत (गाणं कोरलेली ती बारीक गोल रेघ) बसलेली धूळ असते, आणि आपल्या जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो, हवा कोरडी ठक्क, कव्हरमधून रेकॉर्ड काढली की तिच्यावर स्टॅटिक चार्ज (घर्षणाची वीज) येतो मग ती धूळ ओढूनच घेते, आणि कोरड्या फडक्याने घासली की अजून जास्त. ती धुवावी लागते. बॅटरीवाल्याकडे डिस्टिल्ड वॉटर मिळतं, लिटरभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब, मऊ ब्रश खाचेच्या दिशेने गोल फिरवायचा, मधलं लेबल भिजू द्यायचं नाही, मग परत नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने धुवून सावलीत उभी ठेवायची, उन्हात वाकते. बोअरचं पाणी अजिबात नको, बादलीला जो पांढरा थर धरतो तोच खाचेत बसतो.

७८ स्पीडच्या (मिनिटाला ७८ फेरे) लाखेच्या रेकॉर्डला मात्र स्पिरिट चुकूनही लावू नका, लाख विरघळते. त्यांच्यात दगडाची बारीक पूड घातलेली असायची म्हणून थोडी खरखर राहणारच, पण त्यांची खाच रुंद, पिन लागते इंचाच्या साधारण ३ हजारांश टोकाची, एलपीची (नंतरच्या प्लास्टिकच्या, ३३ स्पीडच्या रेकॉर्डची) पिन १ हजारांश किंवा त्याहून बारीक. ती एलपीची पिन ७८ वर लावली की पार तळाशी जाऊन तिथला कचरा वाजवते आणि लोक म्हणतात रेकॉर्ड खराब.

माझं नुकसान झालंय म्हणून सांगतो. वडिलांच्या रेकॉर्ड एका ठिकाणी पेनड्राइव्हवर करायला दिल्या, त्यांनी न धुता वाजवल्या आणि सगळी खरखर सॉफ्टवेअरने काढली, तिच्यासोबत तबल्याची चाट गेली, शब्दातले स-श गेले, गाणारा तोंडावर उशी धरून गातोय असं वाटतं. नंतर त्यातलीच एक मी घरी धुतली, मोनो (दोन्ही स्पीकरला एकच आवाज) होती म्हणून अँप्लिफायरचं मोनो बटण दाबलं (मोनोचं गाणं खाचेत आडवं कोरलेलं, धुळीचा उभा धक्का बटण दाबलं की गळून जातो), तर वडील ऐकायचे तसा आवाज आला, आई आतून उठून बाहेर येऊन बसली.

आपल्या भागातल्या ज्या वाचनालयांकडे रेकॉर्ड पडून आहेत त्यांनी कॉम्प्युटरवर घ्यायच्या आधी त्या धुवाव्यात आणि फिल्टर न लावलेली एक कॉपी जपून ठेवावी, एवढं तुमच्या पेपरातून त्यांच्यापर्यंत पोचवा. चोपडा-यावलकडे कुणाला धुवून हव्या असतील तर मी करून देईन, पैसे नकोत.

एक वाचक, चोपडा