फ्रेंच शब्द 'ल' आणि 'ला' सकट छापा

संपादक महोदय, स.न.

इंग्रजीतून फ्रेंच शिकण्यावरचा तुमच्या पुरवणीतला लेख वाचला. 'इंग्रजी येतं ना, मग अर्धं फ्रेंच आलंच' हे वाचून हसूच आलं, कारण मीपण याच भरवशावर सुरुवात केली होती. शब्द ओळखीचे वाटतात हे खरंय, १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढे त्यांच्या बोलीतले ढीगभर शब्द इंग्रजीत शिरले, पण तेच शब्द दगा पण देतात. 'लिब्रेरी' म्हणजे लायब्ररी नाही हो, पुस्तकांचं दुकान! लायब्ररीला 'बिब्लिओतेक'.

पण खरी गोची लिंगाची. इंग्रजीत टेबलखुर्चीला लिंगच नाही, म्हणून इंग्रजीवाल्यांना वाटतं आधी नुसते शब्द पाठ करू, लिंग मग बघू. मी तेच केलं आणि पहिल्याच निबंधात 'एक पुस्तक वाचलं' लिहिताना 'अं लिव्र' च्या जागी 'युन लिव्र' लिहून मोकळी झाले ('अं' म्हणजे पुल्लिंगी 'एक', 'युन' म्हणजे स्त्रीलिंगी). लिव्र पुल्लिंगी असेल तर पुस्तक, स्त्रीलिंगी केलं की पाउंड, आणि बोलताना तर सरळ अर्धा किलो. म्हणजे मी अर्धा किलो वाचला!! सरांनी लाल पेनाने शेजारी तराजू काढला होता. त्यात आपण मराठी, खुर्ची ती आणि पंखा तो हे जन्मापासून बोलतोय, तरी इंग्रजीतून शिकलं की ते सगळं कसं काय विसरतो कोण जाणे.

तसं बघितलं तर 'त्यू' आणि 'वू' म्हणजे आपलं तू आणि तुम्हीच, ८० ला ते 'चार विसा' म्हणतात ते तर जुन्या माणसांना लगेच कळेल. वय सांगताना मात्र 'मी वीस आहे' चालत नाही, 'माझ्याकडे वीस वर्षं आहेत' असं म्हणायचं, 'झे वँतां', आणि त्यातल्या 'वीस' च्या शेवटचा 'त' एरवी मुका असतो पण पुढे स्वर आला की बोलायला लागतो.

तर विनंती एवढीच की पुढच्या वेळी शब्दांची यादी द्याल तेव्हा प्रत्येक शब्दाआधी 'ल' किंवा 'ला' (इंग्रजी 'द' सारखे, 'ल' पुल्लिंगी, 'ला' स्त्रीलिंगी) छापा, आणि स्वराने सुरू होणाऱ्या शब्दांआधी 'अं' किंवा 'युन', कारण तिथे ल काय नि ला काय, दोघांचा नुसता 'ल्' उरतो आणि लिंग कळतच नाही.

– एक वाचक