'किती लांब?' असं विचारायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

हे खरं तर समोर बसून सांगायचं. पण समोर आले की तुम्ही "बस, आधी च्या घे" म्हणणार आणि विषय माझ्या हॉस्टेलच्या जेवणावर जाणार. म्हणून लिहिते. चारचौघांत लिहिते, कारण केवलमूल्याच्या गणितात जिथे मी अडकले होते तिथे आज अकरावीतली कितीतरी मुलं अडकलेली असतील. त्यांनाही तुमची ती संध्याकाळ कळावी.

त्या दिवशी मी जिन्यात वही घेऊन बसले होते. चाचणीत २५ पैकी ४ मार्क. केवलमूल्याच्या असमानतांचं एकही उदाहरण बरोबर नव्हतं. तुम्ही फर्स्ट शिफ्ट करून शिरोलीच्या कारखान्यातून आला होतात, हाताला कूलंटचा, म्हणजे मशीन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, वास होता. वहीत डोकावून तुम्ही विचारलंत, "ह्या दोन दांड्या कशाच्या गं?" मी सांगितलं, "केवलमूल्य. आत ऋण असेल तर धन करायचं." तुम्ही म्हणालात, "म्हणजे मायनस पुसायचा. पण का पुसायचा?"

मला सांगता आलं नाही. नववीत आम्ही |−३| = ३ असं लिहिलं होतं, मार्कही मिळवले होते. का, हे कधी मनात आलंच नव्हतं.

मग तुम्ही डब्याच्या पिशवीतून ड्रॉइंगची घडी घातलेली जुनी झेरॉक्स काढलीत. पिनचा व्यास २५ ± ०.०२ मिलिमीटर. "२४.९९ आला तर पास का?" पास. "२५.०१?" पास. "२५.०३?" रिजेक्ट. "आणि २४.९७?" तोही रिजेक्ट. "मग मनात काय केलंस तू?" मी म्हटलं, २५ पासून किती लांब आहे ते बघितलं. "कुठल्या बाजूला लांब, ते बघितलंस?" नाही. "मग झालं की! मायनस तिथं पुसला गेला. हे तर आमचं रोजचंच काम हाय."

काका, |व्य − २५| ≤ ०.०२ ही ओळ मी त्या झेरॉक्सच्या मागे लिहिली, आणि पहिल्यांदाच त्या दोन दांड्यांच्या आत मला काहीतरी दिसलं. केवलमूल्य म्हणजे अंतर. अंतराला दिशा नसते, म्हणून ते ऋण नसतं. |क्ष − ३| < ५ म्हणजे ३ पासून ५ पेक्षा कमी अंतरावर राहा: डावीकडे −२ पर्यंत, उजवीकडे ८ पर्यंत, टोकं सोडून. सूत्र लागलंच नाही.

माझी खरी चूक मात्र पुढच्या उदाहरणात होती. |२क्ष + १| ≥ ७ याचं उत्तर मी ७ ≤ २क्ष + १ ≤ −७ असं लिहिलं होतं. सरांनी लाल रेघ मारली होती, कारण लिहिलं नव्हतं. तुम्ही गणित शिकवणारे नव्हतात, आयटीआयचे टर्नर होतात. ती ओळ दोनदा वाचून तुम्ही एवढंच म्हणालात, "एकच जॉब एकाच वेळी जाडही आणि बारीकही कसा असंल?"

त्या एका वाक्याने मला 'आणि' आणि 'किंवा' यांतला फरक दिला. पास झालेला जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला तुकडा, दोन्ही अटी पाळतो: खालच्या मापापेक्षा कमी नाही आणि वरच्या मापापेक्षा जास्त नाही. म्हणून तो एका सलग पट्ट्यात बसतो. रिजेक्ट झालेला जॉब कुठल्यातरी एकाच बाजूने बाहेर गेलेला असतो, म्हणून तिथे 'किंवा' येतं आणि संख्यारेषेवर दोन तुटक तुकडे मिळतात. माझी ओळ तर ७ हे −७ पेक्षा लहान किंवा समान आहे असं म्हणत होती! मग आपण सरळ उत्तर काढलं. २ बाहेर घेतला, |क्ष + ½| ≥ ३.५ उरलं. अधिक चिन्ह दिसलं की मध्यबिंदू शून्याच्या डावीकडे, इथे −½ वर. तिथून साडेतीन डावीकडे −४, साडेतीन उजवीकडे ३. उत्तर: क्ष ≤ −४ किंवा क्ष ≥ ३. तुम्ही आणखी एक सांगितलंत, ते पुस्तकात कुठे मिळणार? जाड राहिलेली पिन पुन्हा मशीनला लावून उतरवता येते, बारीक झालेली भंगारात जाते. गणिताला दोन्ही बाजू सारख्या असतात, शॉपवर नसतात.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मुद्दाम अवघड ड्रॉइंग आणलंत. २५, वर +०.०३, खाली −०.०२. "आता घाल बघू तुझ्या दांड्यांत." मी अर्धा तास घेतला. २५ मध्यभागी राहतच नव्हता. शेवटी सुचलं: टोकं २४.९८ आणि २५.०३, त्यांचा मध्य २५.००५, मध्यापासून टोक ०.०२५. म्हणजे |व्य − २५.००५| ≤ ०.०२५. उत्तरावरून प्रश्न बांधायला मी तिथे शिकले, आणि माझ्या मते हा धडा नेहमीच्या उदाहरणांच्या आधी द्यायला हवा.

त्यानंतर ५ − २क्ष ची भीती गेली. ऋण संख्येने भागताना चिन्ह उलटायचं मी हमखास विसरायचे. पण कोल्हापूरहून सांगली जेवढी लांब तेवढंच सांगलीहून कोल्हापूर, म्हणून |५ − २क्ष| आणि |२क्ष − ५| एकच. |२क्ष − ५| ≤ ९ घेतलं की −२ ते ७, उलटापालट नाही. |क्ष − २| < −३ ला उत्तर नाही हेही पाठ करावं लागलं नाही. शून्यापेक्षा कमी अंतर कुठून आणायचं? आणि |क्ष − १| + |क्ष − ५| ≤ ६ साठी मी चार ओळींत संपणारा रस्ता स्वतः शोधला. १ आणि ५ यांच्या मध्ये कुठेही उभं राहा, दोन्ही अंतरांची बेरीज ४ च. ६ करायची तर कुठल्याही एका बाजूला एक पाऊल बाहेर. म्हणून ० ते ६. वर्गात सगळे तीन-तीन शक्यता मांडत होते.

सगळं असं सुटत नाही, हेही आता कळलं आहे. |क्ष − ४| < २क्ष मध्ये उजवी बाजूच हलते, तिथे क्ष ४ च्या अलीकडे की पलीकडे असं तोडून बघावंच लागतं, मग क्ष > ४/३ मिळतं. पण तोडायचं ४ वरच का, हे मला दिसतं, कारण माप तिथून घेतलेलं आहे.

आता बीएस्सीला अॅनालिसिस शिकते आहे. क्रमिकेची, म्हणजे ओळीने येणाऱ्या संख्यांची, सीमा म्हणजे काय, तर तिच्याभोवती कोणीही कितीही बारीक टॉलरन्स (तुमच्या ± ०.०२ सारखी मापातली सूट) दिला, तरी एका पदानंतरची सगळी पदं त्यात बसली पाहिजेत. फळ्यावर बाईंनी ती व्याख्या लिहिली तेव्हा वर्ग गप्प होता. मला तुमची पिन दिसत होती. कार्ल वायरश्ट्रास या जर्मन गणितज्ञाने १८४१ साली या दोन दांड्या वापरल्या, आणि सीमेची व्याख्या अशी काटेकोर करण्यातही त्याचा मोठा वाटा आहे. तो बरीच वर्षं शाळेत शिकवत होता, हे वाचून मला फार बरं वाटलं.

काका, तुम्ही दिवसभर उभं राहून आला होतात. पाय धुवून आत जायचं सोडून जिन्याच्या पायरीवर बसलात. काकूंनी दोनदा हाक मारली, तरी "आलो आलो" म्हणत माझ्या 'का'चं उत्तर मलाच देऊ दिलंत. त्यासाठी मनापासून आभार.

तुम्ही दिलेली ती रिजेक्ट पिन माझ्या टेबलावर आहे. इथल्या लॅबमध्ये मायक्रोमीटरने मोजली: २४.९६. दिवाळीला येते तेव्हा बरोबर आणते, तुमच्या मायक्रोमीटरवर पुन्हा बघू.

काकूंना नमस्कार.

तुमची,
वरच्या मजल्यावरची पोरगी