‘बर्नआउट’ म्हणजे नुसता थकवा नव्हे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्यविषयक पुरवणीत ‘बर्नआउट’ हा शब्द अलीकडे वारंवार वाचायला मिळतो. मात्र अभ्यासाचा शीण, प्रवासाची दगदग, घरकामाचा कंटाळा या साऱ्यांना तो सरसकट लावला जात असल्यामुळे त्याचा नेमका अर्थ हरवू लागला आहे, म्हणून हे पत्र.

‘बर्न आउट’ हे मूळ इंग्रजी क्रियापद दोन शब्दांचे आहे. नाम होताना ते जोडून लिहिले जाते. जळण संपल्यामुळे आग आपोआप विझते, तेव्हा हे क्रियापद वापरतात. कोणी पाणी ओतून ती विझवली, तर ते चालत नाही. रॉकेटचे इंधन जळून संपते त्या क्षणालाही हाच शब्द आहे. त्यामुळे त्याचा ‘जळून खाक होणे’ असा केलेला अनुवाद वाचकाला भलतीकडेच नेतो. इमारत जळून खाक होते, त्यासाठी इंग्रजीत ‘बर्न डाउन’ हे वेगळे क्रियापद आहे.

माणसांच्या संदर्भात या शब्दाला शास्त्रीय चर्चेत स्थान मिळाले ते मुख्यतः मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांच्या १९७४ मधील लेखामुळे. मोफत दवाखान्यांत राबणाऱ्या कर्मचाऱ्यांविषयीच्या या लेखात त्यांनी शब्दकोशातला अर्थ आधाराला घेतला होता. त्याचा आशय असा, की शक्ती, बळ किंवा साधने यांच्याकडे अवाजवी मागणी केल्यामुळे निकामी होणे, झिजणे अथवा गळून जाणे. यातील ‘अवाजवी मागणी’ हा भाग माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे आणि आपल्याकडील लेखांतून नेमका तोच गळतो. मागणी कोणाची, हे कोश सांगत नाही. फ्रॉइडनबर्गर मात्र सांगतात. झोकून देऊन काम करणाऱ्यावर एक दडपण त्याच्या स्वतःच्या मनाचे असते, दुसरे मदतीसाठी आलेल्या गरजूंचे, आणि त्यातच व्यवस्थापकही आणखी कामाची अपेक्षा धरू लागला, की तो तिन्ही बाजूंनी कोंडीत सापडतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आजार-वर्गीकरणातही बर्नआउटला आजार म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणच्या दीर्घकालीन आणि नीट न हाताळल्या गेलेल्या ताणातून उद्भवणारी ती अवस्था मानली आहे. शक्ती संपून गेल्याची भावना, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा, आणि कार्यक्षमता घटल्याची जाणीव ही तिची तीन अंगे होत. आयुष्याच्या इतर क्षेत्रांतील अनुभवांना ही संज्ञा लावू नये, असेही तेथे स्पष्ट नमूद आहे. बोलीभाषेने ते बंधन पाळावे असा माझा आग्रह नाही (शब्द कोणाचे ऐकत नाहीत), परंतु आरोग्याची माहिती देणाऱ्या लेखाने ते पाळायलाच हवे.

एरवीच्या दमणुकीसाठी मराठीत थकणे, दमणे, शिणणे, भागणे, गळून जाणे, मेटाकुटीला येणे अशी कितीतरी क्रियापदे आहेत. झोपेने वा सुट्टीने जो उतरतो, त्या थकव्याला यांतलेच एखादे वापरावे. आणि जेथे खरोखर बर्नआउटविषयी लिहायचे असेल, तेथे प्राणायाम आणि छंद यांच्या सल्ल्याबरोबरच कामाचे तास, मनुष्यबळाची कमतरता आणि वरिष्ठांच्या अपेक्षा यांविषयीही त्याच लेखात लिहावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक नियमित वाचक