फ्लोराच्या पासपोर्टमधले लसीकरणाचे पान

पुणे, 14 जून

चि. सायलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेले फ्लोराच्या पासपोर्टचे सतरा फोटो काल रात्री मिळाले. तुझ्या आईने ते संगणकाच्या पडद्यावर मोठे करून दिले आणि मी चष्म्यावर आणखी भिंग धरून एकेक पान वाचून काढले. घोडी देखणी आहे. पाठ जराशी लांब वाटते, पण त्याविषयी पुन्हा कधीतरी लिहीन. आज लसीकरणाच्या पानाविषयी लिहायचे आहे, कारण घोडे नेमके तिथेच पेंड खाते आहे.

त्या पानावर इन्फ्लुएन्झाच्या लसीची शेवटची मात्रा 15 डिसेंबरला दिल्याची नोंद आहे. लस वर्षातून एकदाच द्यायची असते, त्यामुळे येत्या डिसेंबरपर्यंत काळजी नाही, असे तू फोनवर म्हणालीस. लसीकरणाची साखळी तुटू नये एवढ्यापुरते ते बरोबर आहे, परंतु घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी एवढे पुरत नाही. घोडा स्पर्धेच्या ठिकाणी पोहोचेल त्या दिवशी शेवटच्या बूस्टरला सहा महिने आणि वर 21 दिवस, यापेक्षा अधिक काळ लोटलेला चालत नाही. आता तूच हिशेब कर. 15 डिसेंबरपासून सहा महिने म्हणजे 15 जून, त्यात 21 दिवस मिळवले की 6 जुलै. तुम्ही पोलंडमध्ये स्त्शेगोमला पोहोचणार 10 जुलैला. चार दिवसांनी चुकते आहे, आणि हे चार दिवस तिथले पशुवैद्यक सोडून देतील या भरवशावर राहू नकोस.

उपाय सोपा आहे, मात्र तो याच आठवड्यात व्हायला हवा. पोहोचण्याच्या आधीच्या सात दिवसांत लस टोचलेली चालत नाही, म्हणजे जुलै उजाडेपर्यंत थांबलीस तर दोन्ही बाजूंनी कोंडी होईल. शिवाय लस दिल्यानंतर दोन-तीन दिवस काही घोड्यांना अंगात कसर येते, मानेला गाठ धरते आणि दाण्यावरची वासना उडते. तेवढे दिवस तिला हलकी रपेट द्यावी लागेल, क्रॉस-कंट्रीचा, म्हणजे मोकळ्या रानातले पक्के अडथळे ओलांडत धावण्याचा, सराव करता येणार नाही. तेव्हा 17 किंवा 18 तारखेला तबेल्याच्या डॉक्टरांना बोलावून घे. घोडीचे मालक म्हणतील की घाई कशाला. त्यांना हे पत्र वाचून दाखवायला हरकत नाही.

लस टोचून होईल तेव्हा तू तिथे स्वतः उभी राहा. कुपीवरची चिकटपट्टी पानावर लावली जाते की नाही, लसीचे नाव, बॅच क्रमांक, तारीख आणि ठिकाण लिहिले जाते की नाही, आणि शेवटी डॉक्टरांची सही व शिक्का पडतो की नाही, ते पाहा. डॉक्टरांची गाडी फाटकाबाहेर पडण्याआधी पान वाचून झाले पाहिजे. मी एवढे बारकाईने का सांगतो आहे, ते तुला आजवर कधी सांगितलेले नाही, म्हणून आज लिहितो.

लष्करात माझी पाच-सहा वर्षे झाली असतील. आमच्या युनिटचा एक तरुण सवार मोठ्या स्पर्धेची तयारी करत होता. त्याच्या घोड्याला लस मी माझ्या हाताने टोचली आणि वहीत तारीख लिहिली. तेवढ्यात बाजूच्या ठाणातल्या एका घोड्याला पोटशूळ उठल्याचा निरोप आला, मी तिकडे धावलो आणि सही करायची राहून गेली. तीन आठवड्यांनी, दीड दिवसाचा रेल्वेप्रवास करून तो घोडा स्पर्धेच्या फाटकाशी पोहोचला, तेव्हा तपासणाऱ्या पशुवैद्यकाने त्या ओळीवर बोट ठेवले आणि वही मिटून परत दिली. त्याचे काहीच चुकले नव्हते. सही नसलेली नोंद म्हणजे नोंद नव्हेच, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते. त्या सवाराने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. तो तीन दिवस मोतद्दारांबरोबर दुसऱ्यांच्या घोड्यांना पाणी पाजत राहिला. परतल्यावर त्याने मला फक्त एवढेच विचारले, "साहेब, आता सही कराल का?"

असो. आता नोंदणीचे पाहू. तू जर्मनीत शिकतेस, घोडी जर्मन आहे आणि स्पर्धा पोलंडमध्ये आहे, म्हणून तुझी प्रवेशिका जर्मन महासंघ पाठवील अशी तुझी समजूत झालेली दिसते. तसे नसते. खेळाडू ज्या देशातर्फे उतरतो, त्या देशाच्या राष्ट्रीय महासंघानेच आंतरराष्ट्रीय महासंघाच्या प्रणालीतून प्रवेशिका भरायची असते. तुझ्या बाबतीत तो दिल्लीतला भारतीय अश्वारोहण महासंघ आहे. तुझी आणि फ्लोराची, दोघींची नोंदणी चालू वर्षासाठी नूतनीकरण केलेली असायला हवी. गेल्या वर्षीच्या नोंदणीवर यंदा उतरता येत नाही. घोडी भाडेकराराने घेतलेली असल्याने तू तिच्यावर भारतातर्फे उतरणार आहेस याला मालकांची लेखी संमती घे, आणि तिच्या नोंदणीत काय बदल करावे लागतील हे दिल्लीच्या कार्यालयाला आजच लिहून विचार. त्यांचे घड्याळ सध्या तुझ्यापेक्षा साडेतीन तास पुढे असते. तू दुपारी जेवून ईमेल पाठवतेस तोवर त्यांचा दिवस सरत आलेला असतो, म्हणून सकाळी उठल्याबरोबर पाठवत जा. प्रवेशिकेची अंतिम तारीख स्पर्धेच्या शेड्यूलमध्ये असते. तिच्या आठ दिवस आधीची तारीख हीच आपली शेवटची तारीख समज.

फ्लोराचा पासपोर्ट युरोपीय संघातला आहे, त्यामुळे आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी त्याला मान्यतापत्र जोडावे लागते. ते चार वर्षे चालते, आणि तू पाठवलेल्या फोटोंत त्याची मुदत कुठेच दिसत नाही. तो कोपरा अंगठ्याखाली झाकला गेला आहे. पुन्हा फोटो काढ. तिच्या मानेत डाव्या बाजूला मायक्रोचिप आहे. डॉक्टर लस द्यायला येतील तेव्हा त्यांना यंत्र फिरवायला सांग आणि आलेला पंधरा आकडी क्रमांक पासपोर्टातल्या क्रमांकाशी स्वतः ताडून पाहा. घोडी एका सदस्य देशातून दुसऱ्या देशात न्यायची असल्याने तिथल्या शासकीय पशुवैद्यकाचे आरोग्य प्रमाणपत्र लागेल. ते फार आधी काढून चालत नाही आणि ऐन वेळी मिळत नाही, म्हणून भेटीची वेळ आताच ठरवून ठेव.

या सगळ्या कागदांचा तुला कंटाळा येतो हे मी जाणतो. पण यांच्यामागे काय आहे ते तुला ठाऊक असावे. फेब्रुवारी 2021 मध्ये स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या स्पर्धांत हर्पिस विषाणूची, म्हणजे ई.एच.व्ही.-1 ची साथ पसरली आणि युरोपात अठरा घोडे दगावले. त्यानंतर मोबाइल ॲपमध्ये घोड्याच्या तब्येतीचे स्वयंघोषणापत्र भरणे, स्पर्धेच्या काळात दिवसातून दोनदा तापमान घेणे, 38.5 अंशांना पोहोचलेल्या घोड्याला वेगळे काढणे, हे नियम आले. आपल्याकडे 2006 मध्ये महाराष्ट्रात ग्लँडर्स निघाला. तो आजार माणसालाही होतो, आणि बाधित जनावर वाचवायची परवानगी नसते. त्यानंतर दोन वर्षांनी जम्मूकडून सुरू झालेला इन्फ्लुएन्झा देशभर फिरला. तू विचारायचीस ना, की इथल्या तबेल्यातला आपला बादल विमानाने युरोपात का नेता येत नाही? त्याचे उत्तर हेच आहे. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकच्या वेळी ऑस्ट्रेलियाच्या क्वारंटाइनच्या नियमांमुळे घोडेस्वारीच्या स्पर्धा पार स्टॉकहोमला घ्याव्या लागल्या होत्या, तिथे आपली काय कथा! गेल्या काही काळात मेरठच्या आमच्या आर.व्ही.सी., म्हणजे लष्कराच्या पशुवैद्यकीय दलाच्या, केंद्रातल्या रोगमुक्त कक्षाला जागतिक पशुआरोग्य संघटनेची मान्यता मिळाली, त्यामुळे पुढे मार्ग निघेल अशी आशा आहे. ती बातमी आली तेव्हा मी शेजाऱ्यांना पेढे वाटले. ते कशाचे, हे त्यांना अजून कळलेले नाही.

औषधांच्या बाबतीत मात्र मी हयगय ऐकून घेणार नाही. नियमांच्या भाषेत घोड्याला जबाबदार व्यक्ती म्हणजे स्वार, म्हणजे तू. मोतद्दाराने काय चोळले, मालकांनी काय पाजले, याचे उत्तर तुलाच द्यावे लागेल. 2008 च्या ऑलिंपिकमध्ये, हाँगकाँगला, चार घोड्यांच्या नमुन्यांत कॅप्सेसिन सापडले. कॅप्सेसिन म्हणजे मिरचीचा तिखटपणा. तो काही मलमांतून घोड्याच्या अंगात जातो. त्यापायी नॉर्वेच्या संघाचे कांस्यपदक गेले. तुझ्या बॅगेत आईने दिलेली तिखटाची बरणी आहे आणि स्वतःच्या गुडघ्याला लावायची गरम मलमाची ट्यूबही आहे, हे मला माहीत आहे. मलम लावलेल्या हातांनी घोडीला खरारा करू नकोस, तिच्या तोंडाशी हात नेऊ नकोस, चॉकलेट तर तिला मुळीच देऊ नकोस. तिला काहीही औषध दिले तरी दिनांक, वेळ आणि प्रमाण वहीत लिहून ठेव.

घोडीची तपासणी केव्हा आणि किती वेळा होणार ते शेड्यूलमध्ये पाहा. स्पर्धा लांब प्रकारातली असेल तर ड्रेसाजच्या, म्हणजे ठरावीक चाली करून दाखवण्याच्या फेरीच्या, आधी एकदा आणि क्रॉस-कंट्रीनंतर, शो जंपिंगच्या, म्हणजे रिंगणातले अडथळे ओलांडण्याच्या फेरीच्या, आधी पुन्हा एकदा तिला दुडक्या चालीने पळवून दाखवावे लागते. लगाम सैल सोडून तिच्या खांद्याशी समांतर धाव आणि वळताना तिला बाहेरच्या बाजूने वळव. पुष्कळ जण तिचे डोके आपल्याकडे ओढून धरतात. मग चांगला घोडाही लंगडल्यासारखा दिसतो आणि परीक्षकांना शंका येते. नालबंदाला आठ दिवस आधी बोलाव. आदल्या दिवशी ठोकलेला नाल एखाद्या खिळ्याने सलू शकतो.

तुझ्या स्वतःच्या तब्येतीचे कागद तू शेवटी ठेवशील, म्हणून तेही सांगतो. क्रॉस-कंट्रीच्या वेळी दंडावर बांधायच्या वैद्यकीय पट्टीत रक्तगट, धनुर्वाताच्या इंजेक्शनची तारीख आणि सल्फाची ॲलर्जी लिहिलेली असू दे. ती ॲलर्जी लिहायला विसरू नकोस. सातवीत असताना तुझे अंग कसे सुजले होते ते आम्ही अजून विसरलेलो नाही. हेल्मेट आणि बॉडी प्रोटेक्टर प्रमाणित आहेत ना, त्यांची लेबले पाहून घे. पडलीस तर फेरी तिथेच संपते आणि डॉक्टरांनी तपासल्याशिवाय तुला मैदान सोडता येत नाही. तेव्हा "मला काही झाले नाही" असे म्हणून पळून जाऊ नकोस.

तू एक स्टार इंट्रो या सर्वांत खालच्या आंतरराष्ट्रीय वर्गात उतरणार आहेस. तिथे क्रॉस-कंट्रीतले स्थिर अडथळे 1.05 मीटरपर्यंतचे असतात आणि तुझी तयारी त्याहून बरीच वरची आहे. वरच्या वर्गांत जाताना पात्रतेचे मोजमाप असते: ड्रेसाजमध्ये 45 हून अधिक दंडगुण नकोत, क्रॉस-कंट्रीत घोडीने एकदाही नकार द्यायला नको आणि ठरलेल्या वेळेपेक्षा 75 सेकंदांहून जास्त उशीर नको, शो जंपिंगमध्ये अडथळ्यांचे 16 हून अधिक दंडगुण नकोत. यात पहिल्या क्रमांकाचा कुठेही उल्लेख नाही, हे ध्यानात घे. 1982 च्या दिल्ली आशियाईत रघुबीर सिंग यांनी शहजादा या घोड्यावर सुवर्ण जिंकले तेव्हा मी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकत होतो, आणि जकार्ताला 2018 मध्ये फवाद मिर्झाने रौप्य जिंकले तेव्हा तू शाळेतून धावत येऊन मला ते सांगितले होतेस. तेव्हापासून तुला काय हवे आहे ते मला कळते. ते या पहिल्याच स्पर्धेत फ्लोराकडून मागू नकोस.

आई विचारते आहे की पोलंडला थंडी असते का. जुलै आहे, असे मी तिला सांगितले, तरी स्वेटर ने.

डॉक्टरांची वेळ ठरली की कळव. लस टोचून झाली की त्या पानाचा फोटो पाठव, दिवसाच्या उजेडात, सपाट टेबलावर पान ठेवून काढलेला, बॅच क्रमांक आणि सही दोन्ही वाचता येतील असा. मी जागाच असेन.

तुझे,
बाबा